शेजारच्या बाकावर समजेल असं

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'माझं कार्यक्षेत्र' हा विषय दिला आहे आणि दहा मिनिटं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अमेरिकेत असते, एवढं तर तुम्हाला ग्रुपवरून माहीतच आहे. म्हणून मी माझ्याबद्दल कमी आणि कामानिमित्त जिथे जाऊन आले त्या एका परिषदेबद्दल जास्त बोलणार आहे. आज दुपारी आपण जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. त्या चर्चेआधी हे तुमच्या कानावर घालावं, असं फार मनात होतं.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची 'कॉम्प्युटेशनल सायन्स ग्रॅज्युएट फेलोशिप' नावाची एक शिष्यवृत्ती आहे. पीएच.डी. करणाऱ्या निवडक मुलामुलींना ती मिळते. हे सगळे फेलो वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, वॉशिंग्टन परिसरात एकत्र जमतात.

आधी हे कॉम्प्युटेशनल सायन्स म्हणजे काय ते सांगते. पावसाचंच उदाहरण घेऊ, कारण इथे बसलेल्या निम्म्या घरांत जूनमध्ये तोच विषय असतो. हवा कशी वाहते, तापते, ओलावा कसा धरते याची समीकरणं शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. पण ती कागदावर सुटत नाहीत. मग पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकटी-चौकटींमध्ये तुकडे करायचे आणि प्रत्येक चौकटीत थोड्या वेळाने काय होईल ते संगणकाने मोजायचं. मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही संस्था आहे, तिथे हेच काम चालतं. पूर्वी ही चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती, २०२५ मध्ये ती ६ किलोमीटरवर आली. ऐकायला निम्मंच वाटतं. पण चौकट निम्मी केली की लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, म्हणजे चौकटी चौपट. शिवाय वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम साधारण आठपट! आपल्या गणिताच्या सरांनी हे उदाहरण नक्की परीक्षेत घातलं असतं.

जे प्रयोगशाळेत करून बघता येत नाही, ते आकड्यांत करून बघायचं, असं हे शास्त्र. हवामान, भूकंप, औषधाचा रेणू, विमानाचा पंख, ताऱ्याचा स्फोट, सगळीकडे तेच. ते करायला तीन गोष्टी एकाच डोक्यात लागतात: मूळ विज्ञान, गणित आणि संगणक. एकाला एकच येत असेल तर काम अडतं. अशी माणसं आपोआप तयार होत नाहीत, ती घडवावी लागतात, हे ओळखून ही शिष्यवृत्ती १९९१ मध्ये सुरू झाली.

योगायोग बघा. त्याच १९९१ मध्ये, आपण सहावी-सातवीत असताना, पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला होता. अमेरिकेकडून हवा तेवढ्या ताकदीचा संगणक मिळेना, म्हणून आपल्या लोकांनी तो इथे बांधला. एकीकडे यंत्र अडवलेलं, दुसरीकडे माणसं कमी पडत होती. यंत्र आणि माणूस दोन्ही लागतात, हा धडा दोन्ही देशांना एकाच सुमारास मिळत होता.

आता या शिष्यवृत्तीचे नियम ऐका. एक, फी भरली जाते आणि राहण्या-खाण्याचा खर्च थेट विद्यार्थ्याला मिळतो, चार वर्षांपर्यंत. एरवी तिकडे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा प्राध्यापकाच्या प्रकल्पाच्या पैशावर जगतो, म्हणून प्रकल्प सांगेल ते काम करतो. इथे पैसा मुलाच्या नावावर येतो, म्हणून प्रश्न निवडायची मोकळीक त्याची. दोन, आपल्या विषयाबाहेरचं शिकावंच लागतं. जीवशास्त्रवाल्याला अल्गोरिदम, गणितवाल्याला प्रत्यक्ष विज्ञान. तीन, बारा आठवडे एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन काम करायचं, आणि तिथे आपल्या प्रबंधाचाच पुढचा तुकडा घेऊन बसणं अपेक्षित नसतं. अनोळखी माणसं, अनोळखी प्रश्न.

आणि मग ही वार्षिक परिषद. शेवटच्या वर्षाचे फेलो व्यासपीठावरून बोलतात, धाकटे आपापलं पोस्टर लावून शेजारी उभे राहतात. एरवीच्या परिषदेत सगळे एकाच गल्लीतले असतात, अर्धं वाक्य बोललं तरी समोरच्याला कळतं. इथे ती सोय नाही. समोर बसलेल्यांत कुणी हिमनद्यांवर काम करतं, कुणी रक्तप्रवाहावर, कुणी अणुसंमीलनावर. मी एका पोस्टरसमोर उभी होते. त्या मुलीने विचारलं, "तुमचा विषय कोणता?" मी म्हटलं, सॉफ्टवेअर. तिने पहिली तीन समीकरणं हाताने झाकली आणि नुसत्या चित्रावरून पुन्हा सुरुवात केली. पाच मिनिटांत मला तिचा प्रश्न कळला. शेजारचा मुलगा दुसऱ्याच विद्याशाखेचा. त्याने मध्येच विचारलं, "हे आम्ही वेगळ्या पद्धतीने सोडवतो, बघू का?" आणि दोघं माझ्याकडे पाठ करून कागदावर रेघोट्या मारू लागली. माझी अजिबात तक्रार नव्हती. परिषद भरवतात ती यासाठीच.

त्या वेळी मला आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण झाली. "समजलं" म्हणून हात वर केला की बाई म्हणायच्या, "मग शेजारच्या बाकावर सांग." आणि शेजारच्या बाकावर समजलं नाही, तर ते आपल्यालाही समजलेलं नाही असं धरायच्या. आपण कुरकुर करायचो. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात म्हणून सांगते, माझ्या अख्ख्या नोकरीत ही एक सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

आता निधीबद्दल. समितीने सुचवलंय की व्याजातून दरवर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्या तिघांना रोख बक्षीस आणि स्मृतिचिन्ह द्यावं. हेतू चांगलाच आहे. पण आपल्या वर्गात गणितात सगळ्यांच्या पुढे असणारी एक मैत्रीण आज इथे बसली आहे, आणि तिची परवानगी घेऊन सांगते. तिला दहावीला बक्षीस मिळालं होतं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. पुढच्या महिन्यात अकरावीची फी, एसटीचा पास आणि वसतिगृह यांचा हिशेब जमला नाही, आणि ती शिलाईच्या कामाला लागली. तिने ते काम उत्तम केलं, आज तिच्या हाताखाली सहाजणी आहेत. पण ते तिने निवडलेलं नव्हतं. बक्षीस झालेल्या गोष्टीचं असतं, शिष्यवृत्ती व्हायच्या गोष्टीची. तिला दुसरी हवी होती, आपण पहिली दिली.

म्हणून माझी सूचना अशी. तिघांऐवजी एकच मूल घ्या, पण अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं त्याचा पास, पुस्तकं, राहण्याचा खर्च नियमित द्या. शाखा कोणती घ्यायची ते त्याला ठरवू द्या, कॉमर्स म्हणालं तरी नाकं मुरडू नका. निवड नुसत्या टक्क्यांवर न करता शिक्षकांना विचारून करा. आणि वर्षातून एक दिवस त्या मुलांना शाळेत बोलवा. त्यांनी जे शिकलं ते आठवी-नववीच्या मुलांना समजेल असं सांगायचं. त्याच दिवशी आपल्यातल्या दोघांनीही आपलं काम सांगायचं. डॉक्टर, वायरमन, शेतकरी, बँकवाले, सगळे. मोठा हॉल नको, शाळेचा एक वर्ग पुरे.

ती अमेरिकेची शिष्यवृत्ती तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यासाठीच आहे, आपल्या मुलांना इथून अर्ज करता येत नाही. पण तिच्यामागचा विचार कुणालाही घेता येतो: पैसा विद्यार्थ्याच्या हातात द्या, त्याला आपल्या विषयाबाहेर पाठवा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उभं करा.

पहिल्या दोन वर्षांच्या खर्चातला माझा वाटा मी आज खजिनदारांकडे देते आहे. बाकीचं तुम्ही दुपारी ठरवा. विरोधात बोलणाऱ्यांनी जरूर बोलावं, फक्त शेजारच्या बाकावर समजेल असं बोला.