ओसरीचा लोखंडी कठडा

अहिल्यानगर जिल्हा एकच, परंतु हवा दोन. शहराच्या कोरड्या हवेत दीर्घकाळ टिकणारा कठडा अकोले तालुक्यातील घाटघरच्या पावसात लवकर गंजतो. बिडाच्या खांबावर नक्षी सुरेख उठते खरी. पण आघाताने बीड तडकते, घडीव गज मात्र वाकला तरी सरळ करता येतो. गंजाचा आरंभ बहुधा गज फरशीत शिरतो तेथेच होतो, कारण पाणी तेथे मुरते. म्हणून बुडाशी सिमेंटचा उतार द्यावा. घाटमाथ्यावर जस्ताचा मुलामाच हवा. मात्र सारे जोडकाम मुलाम्यापूर्वीच आटोपावे. मागाहून झाळ दिल्यास जस्त जळते, आणि त्या धुराने कारागिरास ज्वर चढतो. गजांतील अंतर १० सेंटिमीटरांहून कमीच असावे. रांगते मूल तेथे डोके घालावयाचेच.