टेरियर घरीं येतो तेव्हां

कुत्रा पाळावा असें मुलांच्या मनांत येतें, तेव्हां त्यांच्या डोळ्यांसमोर एक गुबगुबीत, सांगेल तें ऐकणारें पिलूं असतें. प्रत्यक्षांत पुष्कळदां घरीं येतो तो वाढलेला कुत्रा. कोणाची तरी बदली झाली, कोणाला नवें घर लहान पडलें, आणि चार वर्षांचा टेरियर निराश्रित झाला. अशा प्राण्याला आश्रय देणें हें भूतदयेचें काम खरें. परंतु ज्या घरांत एक मूल तीन वर्षांचें व दुसरें सहा वर्षांचें आहे, तेथें नुसती दया पुरत नाहीं. एकदां घर तुटलेला कुत्रा पुन्हां परत पाठवावा लागला, तर त्याला तिसरें घर मिळणें कठीण. आणि मुलाच्या गालावर उमटलेला दांत जन्माची खूण होऊन बसतो.

'टेरियर' हा शब्दच मुळीं लॅटिनमधील भूमिवाचक शब्दावरून आला आहे. कोल्ह्याला बिळांतून हुसकून काढावें, घुशी-उंदीर मारावे, यासाठीं ब्रिटनमधील शेतकऱ्यांनीं व शिकाऱ्यांनीं हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविले. जॅक रसेल टेरियर ही जात ज्याच्या नांवानें ओळखली जाते, तो जॉन रसेल पुढें पाद्री झाला; ऑक्सफर्डला शिकत असतांना १८१९ सालीं त्यानें एका गवळ्याकडून 'ट्रंप' नांवाची कुत्री घेतली, व तिच्यापासून त्यानें आपला वंश वाढविला. बिळाच्या अंधारांत धन्याचा हुकूम पोंचत नाहीं. म्हणून स्वतःच्या बुद्धीनें चालणारा, न डरणारा, धरलेलें न सोडणारा कुत्रा त्या लोकांना हवा होता. हे गुण दिवाणखान्यांत येऊन नाहींसे होत नाहींत. किंचाळत पळणारें मूल आणि निसटणारा उंदीर यांतला फरक टेरियरला आपल्याइतका मोठा वाटत नाहीं. तो धांवतो, पोटरी धरतो. त्यांत वैर नसतें, परंतु दांत असतात.

म्हणून कुत्रा येण्याच्या आधीं मुलांची तयारी करावी लागते. त्याच्याकडे धांवत जाऊं नये. खालीं बसावें आणि त्याला येऊं द्यावें. गळ्यांत हात टाकून मिठी मारूं नये, कारण आपल्याला जें प्रेम वाटतें तें पुष्कळ कुत्र्यांना जखडल्यासारखें वाटतें, आणि त्या वेळीं मुलाचें तोंड नेमकें जबड्यापाशीं असतें. तो जेवत असतांना किंवा झोपला असतांना हात लावूं नये. सहा वर्षांचें मूल हें शिकतें. तीन वर्षांचें मूल आज शिकलें तरी उद्यां विसरतें. यास्तव मूल आणि कुत्रा एका खोलींत असतांना एक जाणतें माणूस तेथें हवेंच. तें वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलेलें असेल, तर त्याचा उपयोग नाहीं.

सर्वांत मोठा गैरसमज गुरगुरण्याविषयीं आहे. कुत्रा मुलावर गुरगुरला कीं वडील उठतात आणि त्याला एक रट्टा देतात. वास्तविक त्याच्या आधीं त्यानें बहुधा तोंड फिरविलेलें असतें, ओठ चाटलेले असतात, झोप नसतां जांभई दिलेली असते, अंग ताठ केलेलें असतें. मुलाला ही भाषा येत नाहीं, आणि मोठ्यांचें लक्ष नसतें. मारानें कुत्र्याची भीति जात नाहीं. जातें तें फक्त गुरगुरणें. मग पुढच्या वेळीं तो सूचना न देतां चावतो, आणि लोक म्हणतात, 'कांहीं कारण नसतांना चावला !' कुत्रा गुरगुरला तर मुलाला शांतपणें दूर घ्यावें आणि कशामुळें झालें तें शोधावें. वारंवार होऊं लागलें तर पशुवैद्याला दाखवावें. कधीं कधीं दुखरा कानही कारण निघतो.

त्याला एक कोपरा असा द्यावा कीं जेथें मुलांनीं जायचें नाहीं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर कुत्रा असावा हा आजीबाईंचा आग्रहही मोडूं नये. सोंवळ्याची बाब सोडली तरी, हातांत पोळी घेऊन हिंडणारें मूल आणि खालीं टपलेला कुत्रा यांची गांठ तेथेंच पडते. शिवाय बेदाणे, कांदा, लसूण व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यांतले बेदाणे प्रेमानें भरविणारें मूल त्याला संकटांत घालतें.

पिसाळ रोगाच्या बाबतींत हयगय नको. १८८५ सालीं पाश्चरनें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, तेव्हांपासून उपाय माणसाच्या हातीं आहे. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुतेक वांचत नाहीं. कुत्र्याला लस टोचून घ्यावी व जंताचें औषध द्यावें. चावलें किंवा ओरखडलें तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. 'घरचाच कुत्रा आहे' म्हणून थांबूं नये.

दिवाळीची सुटी सोयीची म्हणून त्याच आठवड्यांत नवा कुत्रा आणण्याचा मोह होतो, तो टाळावा. फटाक्यांनीं बिथरलेल्या जीवाला नवें घर भयाचेंच घर वाटतें.

राहिला प्रश्न त्याच्या अंगांतल्या वाऱ्याचा. जुन्या लुगड्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते त्याला हुडकायला लावणें हें काम सहा वर्षांच्या मुलाकडे द्यावें. हुडकण्यांतच टेरियरचा आनंद आहे. फिरायला नेतांना साखळी मात्र मोठ्या माणसाच्या हातीं असावी. मुलाच्या हातीं दिली आणि समोर मांजर दिसलें, तर तो मुलासकट जाईल.