टेस्ट पास, तरी इम्पोर्ट फेल

आज एक कबुली द्यायचीय. पायथनसाठी सीमध्ये एक्स्टेन्शन लिहिलं होतं. एक मोठी सी फाइल फोडून दोन केल्या. टेस्ट पास! टीममधल्या मित्राने इन्स्टॉल केलं, तर इम्पोर्टच होईना. बिचारा रात्री दोनपर्यंत स्वतःचाच लॅपटॉप तपासत बसला.

चूक माझी. दुसरी फाइल सेटअपच्या यादीत टाकलीच नव्हती. मग माझ्याकडे कसं चाललं? पॅकेज प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्येच होतं. टेस्ट तिथूनच चालवायचो, त्यामुळे पायथन तिथलीच जुनी डॉट-एसओ फाइल उचलत होता.

आता पॅकेज ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये आणि टेस्ट त्याच्या बाहेर. आधी नव्याने इन्स्टॉल, मगच टेस्ट. तुमचंही फोल्डर आज एकदा उघडून बघाच. भेटू पुढच्या भागात!