प्रश्न आधी, बाजू नंतर : राज्यशास्त्राच्या पदवीतील लेखनकार्याची आखणी

(महाविद्यालयीन शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते. पण अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्याकडून काय लिहून घ्यायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

आपण सहसा विषय देतो. ‘गोव्यातील जनमत कौल’, ‘सीमाप्रश्न’, ‘भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क’. विषय मिळाला की विद्यार्थी माहिती गोळा करतो, उतरवून काढतो आणि शेवटी घरात ऐकलेले मत जोडतो. गोव्यात किंवा बेळगावात हे जास्त घडते, कारण हे विषय आपल्या जिव्हाळ्याचे आहेत आणि सरांचे मत काय आहे हे मुलांना आधीच ठाऊक असते. मग निबंधाचे निवेदन होते. सार्वजनिक जीवनात निवेदनाला मान आहे, पण त्यावर राज्यशास्त्राचे गुण देता येत नाहीत. म्हणून विषय देण्याऐवजी प्रश्न द्यावा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तर देणाऱ्यालाही आधी माहीत नसावे.

उदाहरण गोव्याचेच घेऊ. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली पुन्हा सत्तेवर आला. असे का व्हावे?

हा खरा प्रश्न. एखादी विद्यार्थिनी म्हणेल, लोकांनी पक्षाला मत दिले ते कूळ कायद्यासाठी आणि खेडोपाडी निघालेल्या प्राथमिक शाळांसाठी. मग तिने १९६४चा कूळ कायदा वाचावा. दुसरा म्हणेल, दोन पर्यायांचा कौल आणि अनेक उमेदवारांची निवडणूक यांचे गणितच वेगळे. त्याने मतदारसंघवार आकडे मांडावेत. तिसऱ्याला आपण विचारावे : दोन्ही वेळा बाजू बदलणारे मतदार तेच होते, हे तुला एकूण आकड्यांवरून कसे कळले? एकूण बेरजेवरून एकेका माणसाचे मन वाचता येत नाही, ही समज इथे आपोआप येते. विलीनीकरण हवे होते की नको होते, या वादात न शिरताही मूल राज्यशास्त्र शिकते.

आता तीन वर्षांची आखणी. पहिल्या वर्षी एकच कागद नीट वाचायला लावावा. १९८७चा गोव्याचा राजभाषा कायदा घ्या. देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा, आणि मराठीचाही शासकीय कामांसाठी वापर, अशी त्याची रचना आहे. ‘राजभाषा असणे’ आणि ‘वापर होणे’ यांत कायद्याने काय फरक पडतो, हे दोन पानांत लिहावे. जोडीला संविधानातील अनुच्छेद ३५० द्यावा. संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तो देतो. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे मात्र तो म्हणत नाही. हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढावे, आपण सांगू नये.

दुसऱ्या वर्षी एका घटनेची दोन स्पष्टीकरणे तपासावीत. वरचा १९६७चा प्रश्न तिथला.

तिसऱ्या वर्षी स्वतःचा निर्णय, आणि इथेच कसोटी आहे. बेळगावचा प्रश्न घ्या. १९५६च्या राज्यपुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७च्या महाजन आयोगाने बेळगाव शहर तिथेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी घरातल्या मुलाने आधी कर्नाटकाची बाजू लिहावी, आणि ती इतकी चोख लिहावी की तिकडच्या वकिलानेही ‘हेच आमचे म्हणणे’ असे म्हणावे. मग खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या निकषांवर दोन्ही बाजू तोलाव्यात. त्यानंतर त्याने आपली बाजू घेतली, तर ती ऐकीव राहत नाही, कमावलेली होते.

वेळेचे म्हणाल, तर चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला साठ तास मिळतात. त्यांतले दहा लेखनाला राखावेत : दोन प्रश्न नेमका करण्यासाठी, तीन कागद वाचण्यासाठी, दोन कच्च्या खर्ड्यावर चर्चेसाठी, तीन पुनर्लेखनासाठी. गुणांचा मोठा वाटा खर्डा सुधारण्याला द्यावा. उतरवून काढलेल्या मजकुरात सुधारण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे नक्कल तिथेच उघडी पडते.

शेवटी भाषेबद्दल. गोव्याच्या त्या मतदानाला कोणी ‘सार्वमत’ म्हणते, कोणी ‘जनमत कौल’. १९६६च्या मूळ इंग्रजी कायद्यातला शब्द ‘ओपिनियन पोल’ असा आहे, ‘रेफरेंडम’ असा नाही. मराठीत कोणता शब्द वापरायचा, हा निर्णयही राज्यशास्त्राचाच आहे. तसेच ‘बहुमत’ आणि ‘मताधिक्य’. चौरंगी लढतीत तीस टक्के मते घेऊन निवडून आलेल्याला मताधिक्य मिळते, बहुमत नव्हे. वर्तमानपत्रे हा फरक पाळतातच असे नाही, आपण पाळावा. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा कोश निघाला, कारण कारभार लोकांना कळेल अशा भाषेत चालवायचा तर शब्द आधी ठरवावे लागतात. प्रत्येक लेखनाबरोबर विद्यार्थ्याने दहा संज्ञांचा अर्थ देणारी यादी जोडावी. माध्यम इंग्रजी असले तरी ही यादी मराठीत मागता येईल.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला या पदवीने दोन गोष्टी द्याव्यात : आपले गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत मांडण्याची ताकद, आणि शेजारच्याचे गाऱ्हाणे त्याच्याच शब्दांत समजून घेण्याची सवय. गुण देताना मुलाने कोणती बाजू घेतली हे पाहू नये. ती कशाच्या आधारावर घेतली, तेवढेच पाहावे. नव्या सत्राआधी प्रत्येकाने आपापल्या गावाबद्दलचा, उत्तर आधी माहीत नसलेला असा एक प्रश्न तयार करून आणावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.