अंथरुणावरील ज्येष्ठांचे श्वसनसंसर्गापासून रक्षण

(इंदिरा नगर, लखनौ येथे ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबे एक प्रश्न विचारतात : "आजी तर उंबरठाही ओलांडत नाहीत, मग त्यांना न्यूमोनिया झाला कसा?" उत्तर सरळ आहे. जो माणूस घराबाहेर पडत नाही, त्याच्यापर्यंत बाहेरचा रोग इतरांमार्फत येतो. मुन्शी पुलियाच्या मेट्रोतून परतणारा मुलगा, भूतनाथ बाजारातून आलेली सून, शाळेतून आलेला नातू किंवा अनेक घरी सेवा देणारी परिचारिका यांपैकी कोणीही तो नकळत आणू शकते. यात दोष कोणाचाही नाही. मात्र रक्षणाचा मुख्य भार शुश्रूषा करणाऱ्यांवरच आहे.

वार्धक्यात खोकल्याची शक्ती क्षीण होते, त्यामुळे छातीतील कफ सहज बाहेर पडत नाही. त्यातच लखनौच्या हिवाळ्यात धुके व धूर जमिनीलगत साचतात आणि दारे-खिडक्या बंद राहतात. भारतात फ्लूचा जोर साधारणतः जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो. म्हणून पुढील दक्षता नित्यक्रमाचा भाग व्हावी.

पहिली दक्षता हातांची. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. सर्दी-खोकला असलेल्याने शक्यतो खोलीत जाऊ नये. जाणे भागच असेल तर मुखपट्टी लावावी.

दुसरी दक्षता मुखाची, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. तोंडातील जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात व न्यूमोनिया उत्पन्न करतात. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नियमित मुखस्वच्छता न मिळालेल्या वृद्धांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. ती मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. यासाठी महागडे औषध लागत नाही. प्रत्येक जेवणानंतर दात, हिरड्या व जीभ मऊ ब्रशने स्वच्छ करावी. कवळी रात्री काढून, घासून ठेवावी.

तिसरी दक्षता भरविण्याची. आडवे असताना अन्न वा पाणी कदापि देऊ नये. उशांच्या आधाराने ताठ बसवावे, लहान घास द्यावा, तो गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. वारंवार ठसका लागत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

चौथी दक्षता हवेची. दुपारी ऊन असताना काही वेळ खिडकी उघडावी. बंद खोलीत अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवू नये. तिच्यातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक ठरतो. खोलीत धूम्रपान नको.

पाचवी दक्षता लसीची. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, तर न्यूमोकोकल लस काही प्रकारच्या न्यूमोनियापासून संरक्षण देते. दोन्हींविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शुश्रूषा करणाऱ्यांनीही फ्लूची लस घेणे हिताचे आहे.

एवढे करूनही आजार झालाच, तर तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे. वृद्धांमध्ये न्यूमोनिया कित्येकदा तापाविना येतो. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, अन्नावरची वासना उडणे, सतत झोपून राहणे किंवा श्वास मिनिटाला २४ हून अधिक होणे ही धोक्याची चिन्हे होत. "वयामुळे असे होते" म्हणून थांबू नये आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळसर पडल्यास, धाप लागल्यास किंवा बोटावरील यंत्रात प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली गेल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांना फुफ्फुसाचा जुना विकार आहे, त्यांच्यासाठी योग्य पातळी डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावी.

खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड आजच काढून ठेवावे. अन्य साहाय्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ उपलब्ध आहे.

शुश्रूषा हे थकविणारे काम आहे. ते एकट्या सुनेवर वा मुलीवर न सोपवता घरातील सर्वांनी वाटून घ्यावे. कारण थकलेल्या माणसाकडूनच हात धुणे राहून जाते आणि घास घाईने भरविला जातो. आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या घरातील ज्येष्ठांची मुखस्वच्छता करून प्रारंभ करावा, ही नम्र विनंती.