पेटीची किल्ली आणि फोनची किल्ली



हातातलं काम थांबवू नका, करता करता ऐका. आम्ही सोलापूर-पुणे रस्त्याला लागून असलेल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. अकरा जणी आहोत. ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापतो आणि उखळात कुटलेली शेंगाची चटणी करतो. आज भाकरीच्या कृतीबद्दल नाही बोलणार, ती तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली येत असेल. आज सांगणार आहोत की फोनवर आमचं नाव कसं चढलं, कसं हातातून गेलं आणि परत कसं मिळवलं. त्यात आमची चूकही आहे. ती सांगायला लाज वाटली, पण तुमचे पैसे वाचणार असतील तर सांगितलेली बरी.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक माणूस मोटारसायकलवर गावात आला. बोलायला गोड. म्हणाला, "ताई, तुमच्या भाकरीला पुण्या-मुंबईत मागणी आहे, पण तुम्ही गूगलवर दिसतच नाही. सहा हजार द्या, पहिल्या नंबरला आणतो." आम्ही बैठक घेतली, ठराव लिहिला, गटाच्या पैशातून 6,000 रुपये दिले. त्यानं चार फोटो काढले, फोनवर काहीतरी भरलं आणि नकाशावर आमचं नाव दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. नाव कुणाच्या खात्यावर चढवलं, तिथं फोन नंबर कुणाचा टाकला, हे अकरा जणींपैकी एकीनंही विचारलं नाही.

नंबर त्याचा होता. ऑर्डर त्याला यायची, तो आम्हाला कळवायचा. वर्षभर चाललं. पुढच्या दिवाळीनंतर तो परत आला आणि आणखी सहा हजार मागितले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "दादा, आधी वर्षभरात किती फोन आले त्याचा हिशोब दाखवा." तो हसला आणि निघून गेला.

मग संक्रांत आली. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, त्यात भोगी. आमचा हा मोठा हंगाम. तीस किलो चटणी कुटून तयार, भाकऱ्यांची चळत लागलेली, आणि फोन एकही नाही. चौथ्या दिवशी पुण्याचं एक ओळखीचं कुटुंब रस्त्यावरून जाताना आमच्या पाटीपाशी थांबलं. बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं चालू आहे होय! गूगलवर तर कायमचे बंद असं दाखवतंय."

ते कुणी केलं हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण त्या नावाची किल्ली त्या माणसाकडेच होती, एवढं खरं. चटणी तालुक्याच्या व्यापाऱ्याला पडत्या भावात दिली. जानेवारीचा कर्जाचा हप्ता आम्ही घरखर्चातून काढून भरला. एकीनं मुलीच्या क्लासची फी मागे ठेवली, ते अजून आम्हाला टोचतं.

त्या महिन्याच्या बैठकीत आमच्या थोरल्या आक्का, ज्यांना सही करायला आम्ही शिकवलं, त्या म्हणाल्या, "अगं, आपली पैशाची पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं, असं आपण पहिल्या दिवसापासनं करतो. मग ह्या फोनच्या दुकानाची किल्ली परक्या गड्याकडं का दिली?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग कामाला लागलो. गटातल्या एकीची मुलगी बारावीला आहे, तिला सोबत घेतलं. गूगलवर स्वतःचं नाव शोधलं आणि 'हा व्यवसाय माझा आहे' असं कळवायची जी सोय असते ती वापरून मालकी मागितली. ज्याच्या खात्यावर नाव असतं त्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. त्यानं उत्तर दिलं नाही. मग आम्हालाच पडताळणी करून देण्याचा पर्याय आला. सगळ्यांना तो येतोच असं नाही, पण विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

पडताळणी म्हणजे व्हिडिओ. रस्त्यापासून सुरुवात करायची, गावाची पाटी, आपली पाटी, मग आत जाऊन परात, तवा, उखळ, माल, पाकिटं. मध्ये न थांबता एकसलग. कुणाचा चेहरा दाखवायची गरज नसते. घरात रेंज नाही, दोनदा पाठवताना अडकला, तिसऱ्यांदा गेला. काही दिवसांनी नाव आमच्या हातात आलं. 'कायमचे बंद' काढून 'सुरू आहे' केलं, तेव्हा आक्कांनी त्या मुलीच्या हातावर गूळ ठेवला.

आता ह्यातून आम्ही काय काय शिकलो ते एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट, खातं कुणाचं. ह्यावर आमच्यात भांडण झालं. एक वहिनी म्हणाल्या, "माझ्या पोराच्या ईमेलवर करू, त्याला सगळं कळतं." पोरगा चांगला आहे, त्याबद्दल कुणाचं म्हणणं नाही. पण उद्या तो नोकरीला गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला, तर? शेवटी ठराव झाला. गटाच्या नावानं नवा ईमेल काढला. गटाच्या पैशातून एक साधा स्मार्टफोन आणि एक सिमकार्ड घेतलं. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, पैशाच्या पेटीत ठेवलं. फोन महिन्याला एकीकडे, पाळीपाळीनं. मदतीला ती मुलगी आहे, पण तिचं नाव मालक म्हणून नाही, व्यवस्थापक म्हणून टाकलं आहे. व्यवस्थापक आपण कधीही काढू शकतो. मालक गट आहे.

फोन घरी आला तेव्हा दोघींच्या घरी कुरकुर झाली. परक्या माणसांचे फोन बाईच्या हातातल्या मोबाइलवर कशाला, म्हणून. आम्ही चौघी-पाचजणी त्या घरी गेलो, ऑर्डरची वही दाखवली, फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाच सुरू राहील असं ठरवलं. एका घरी पटलं. एका घरी अजून पटलेलं नाही, त्या ताईंची पाळी सध्या दुसरी करते. पण त्यांना फोन चालवायला आम्ही शिकवलं आहे.

दुसरी गोष्ट, पैसे. नकाशावर व्यवसायाचं नाव चढवायला गूगल एक रुपयाही घेत नाही. त्या यादीत वरचा नंबर विकतही मिळत नाही. जाहिरात वेगळी, तिला पैसे पडतात आणि तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. म्हणून कुणी "पहिला नंबर नक्की" म्हणाला तर समजा, जे त्याच्या हातात नाही ते तो विकतोय. गूगल तीन गोष्टी बघतं: माणसानं जे विचारलं त्याच्याशी आपलं काम जुळतं का, तो आपल्यापासून किती लांब आहे, आणि लोकांना आपण किती माहीत आहोत. अंतर आपल्याला बदलता येत नाही. पुण्यात बसून कुणी 'जवळची भाकरी' विचारली तर आपण दिसणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण सोलापूरला निघालेला माणूस वाटेत विचारील तेव्हा दिसलं पाहिजे. बाकीच्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

तिसरी गोष्ट, शब्द. त्या माणसानं आमच्याबद्दल लिहिलं होतं, 'दर्जेदार खाद्य उत्पादने'. आता सांगा, भूक लागल्यावर असं कोण विचारतं? आम्ही आठवडाभर वहीत लिहिलं, गिऱ्हाईक फोनवर काय शब्द बोलतं. कुणी 'कडक भाकरी' म्हणतं, कुणी 'वाळलेली भाकरी'. आम्ही म्हणतो शेंगाची चटणी, पुण्याचे लोक म्हणतात शेंगदाण्याची चटणी. बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. पोरंसोरं तर माइकचं बटण दाबून तोंडीच विचारतात, "कडक भाकरी कुठं मिळंल?" हे सगळे शब्द आम्ही माहितीत साध्या वाक्यांत घातले, मराठीतही आणि इंग्रजीतही. प्रत्येक वस्तूचं नाव, वजन आणि भाव वेगळा टाकला.

पण एक लक्षात ठेवा, नावाच्या जागी फक्त गटाचं नाव लिहायचं, पाटीवर आहे तेच. 'सोलापूरची एक नंबर भाकरी' असं नावात घुसडलं तर ते नियमात बसत नाही आणि नाव बंदही होऊ शकतं.

चौथी गोष्ट, खरं लिहायचं. वेळ, सुट्टी, फोन नंबर. आमची सुट्टी बुधवारी, बाजाराच्या दिवशी. ती लिहिली नव्हती तेव्हा लोक येऊन परत जायचे. सणाला वेळ बदलते तेव्हा आधी फोनवर बदलतो. फोटो सकाळच्या उन्हात, पांढऱ्या कापडावर ठेवून काढतो. भाकरीला फुगवटा आला असेल तर तसाच दिसू द्या. दुसऱ्याचा सुंदर फोटो उचलून टाकला तर गिऱ्हाईक पाकीट उघडल्यावर ओळखतं.

ज्या मैत्रिणी घरातच काम करतात, त्यांनी घराचा पत्ता लोकांना दिसू द्यायलाच पाहिजे असं नाही. पत्ता झाकून, कोणकोणत्या गावांना माल पोचवतो तेवढंच दाखवता येतं. एकटी बाई घरी असते तिथं हे बरं पडतं.

पाचवी गोष्ट, लोकांचं मत. माल पोचला की आम्ही व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवतो: 'कसं वाटलं ते खरंखरं लिहा', आणि खाली आपली लिंक. आपल्याच भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच स्टार लिहून घ्यायचे नाहीत. स्टारच्या बदल्यात चटणीची पुडी फुकट द्यायची नाही. दोन्ही नियमाविरुद्ध आहे. एकदा एका गिऱ्हाइकानं दोन स्टार देऊन लिहिलं, 'भाकरीचा चुरा आला.' आमच्यातल्या काही जणी चिडल्या, "काढून टाका ते." काढता येत नाही. आम्ही उत्तर लिहिलं: 'ताई, चूक आमची. पाकीट पातळ होतं. पुन्हा पाठवतो.' आणि पाठवलं. तेव्हापासून भाकऱ्या पुठ्ठ्याच्या डब्यात जातात. ते दोन स्टार अजून तिथं आहेत, खाली आमचं उत्तरही आहे. नवं गिऱ्हाईक दोन्ही वाचतं.

खाण्याचा माल विकणाऱ्या गटांनी पाकिटावर अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर छापावा आणि त्या पाकिटाचा फोटोही टाकावा. लांबून मागवणारा माणूस तो आधी बघतो.

सहावी गोष्ट, सावधगिरी. नंबर लोकांना दिसू लागला की चोरालाही दिसतो. आम्हाला फोन आला, "मी लष्करातून बोलतोय, दोनशे भाकऱ्या हव्यात, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका." मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तसंच फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, गूगलमधून बोलतोय म्हणाला तरी नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ह्या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आता विचाराल, ह्याचा फायदा काय झाला? आम्ही लाखोपती झालो नाही. पण ह्या संक्रांतीला फोन आमच्याच फोनवर वाजले. चटणी व्यापाऱ्याकडे न्यावी लागली नाही, आणि जानेवारीचा हप्ता भाकरीच्या पैशातून गेला. कुठून किती फोन आले ते आता वहीत आमच्या अक्षरात आहे. हिशोब मागायला कुणाकडे जावं लागत नाही.

जाता जाता तुमच्या गटाला एक काम देतो. पुढच्या बैठकीत, बचत गोळा झाली की, कुणाच्याही फोनवर आपल्या गटाचं नाव शोधा. नाव दिसलं तर तीन गोष्टी बघा: नंबर कुणाचा आहे, वेळ बरोबर आहे का, आणि ते खातं कुणाच्या ईमेलवर आहे. तिसऱ्याचं उत्तर कुणालाच सांगता आलं नाही, तर त्याच दिवशी ठराव लिहा आणि शोध सुरू करा. नाव दिसलंच नाही, तर घाई करू नका आणि पैसे देऊ नका. आधी गटाचा ईमेल काढा, पासवर्ड पेटीत ठेवा, मग नाव चढवा.

काही अडलं तर ह्याच रेडिओ केंद्रावर पत्र टाका किंवा फोन करा, आम्हाला जमेल तेवढं सांगू. आमच्या तव्यावर भाकरी आहे, आता निघतो.