बेगमपेठची डेक्कन एअरवेज

मंडळी, बेगमपेठवरून तुम्ही कितीदा गेला असाल. पण तिथून आपल्या शहराची स्वतःची विमान कंपनी उडत असे, हे नातवंडांना सांगायचे राहूनच जाते. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत १९४५ साली डेक्कन एअरवेज निघाली. विमाने डकोटा. इतर कंपन्यांनी बाई म्हणून नाकारलेल्या प्रेम माथुर यांना १९४७ मध्ये हिने सहवैमानिक म्हणून घेतले. कप्तानपद मात्र दिले नाही; त्या सोडून गेल्या. मला हा मोठेपणा अर्धाच वाटतो. १९५३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. रझाकारांच्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. डकोटाच्या प्रवासाची कुणाकडे असेल, जुने तिकीट ट्रंकेत सापडले, तर रद्दीत घालू नका. संस्थेकडे आणून द्या.